सेव्हन सिस्टर्सला जाताना आल्फ्रिस्टनला थांबा: इंग्लंडमधल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
इंग्लंडमधल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सहल समित्यांचे कार्यकर्ते यांना,

सप्रेम नमस्कार.

दर उन्हाळ्यात आपल्या मंडळांच्या बसगाड्या दक्षिण किनाऱ्याकडे निघतात. सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे, डब्यातल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, परतीच्या वाटेवर ब्रायटन. ही सहल मला मनापासून आवडते, ती बदला असे माझे म्हणणे नाही. मागणी एवढीच आहे की त्या कड्यांपासून थोड्याच मैलांवर, ककमियर नदीच्या काठी आल्फ्रिस्टन नावाचे गाव आहे, तिथे बस दोन तास थांबवा. गावच्या चर्चला लागून गवताने शाकारलेले एक लाकडी घर आहे. त्याचे नाव आल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस. गावच्या धर्मगुरूचे हे जुने राहते घर सहाशे वर्षांपूर्वीचे आहे, आणि आज ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीचे आहे.

मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे. ससेक्स आणि केंटमधल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करते. हे घर मी मंडळाच्या एका बैठकीत सुचवले तेव्हा उत्तर आले, "तिथे बघायला आहे काय? दोन-चार खोल्या, पाच मिनिटांत बाहेर. त्यापेक्षा एखादा राजवाडा करू." राजवाडे आपण भरपूर केले. झुंबरे बघितली, सोन्याचा मुलामा बघितला, दोरीच्या अलीकडून पलंग बघितले. पण ती घरे उभी कशी आहेत, हे तिथे कुणालाच कळत नाही, कारण सगळे गिलाव्याच्या आणि पडद्यांच्या आड असते. आल्फ्रिस्टनच्या घराचे सगळे अंग उघडे आहे. कुठला खांब कुठल्या तुळईला धरून आहे, छपराचा भार कुठून खाली उतरतो, हे शाळकरी मुलालाही बोट ठेवून दाखवता येते. म्हणून हे पत्र जरा लांबण लावून लिहीत आहे. घर कसे बघायचे ते सांगितले तर पाच मिनिटे पुरणार नाहीत, हा माझा विश्वास आहे.

गावातून चर्चकडे जाताना हिरवळीचे एक मोकळे मैदान लागते, त्याला तिथे 'टाय' म्हणतात. मैदानात गारगोटीच्या भिंतींचे सेंट अँड्र्यूज चर्च. गावाच्या मानाने ते इतके मोठे आहे की लोक त्याला 'डाउन्सचे', म्हणजे इथल्या टेकड्यांचे, 'कॅथीड्रल' म्हणतात. त्याला वळसा घातला की हे घर दिसते. लगेच दाराकडे जाऊ नका. आधी समोर उभे राहून नुसते छप्पर बघा. उतार चांगलाच तीव्र आहे, कारण शाकारलेल्या छपरावर पाणी रेंगाळले की पेंढा कुजतो. पंचेचाळीस अंशांच्या वरचा उतार लागतोच. आता नजर वळचणीवर आणा. वळचणीची रेघ सलग जाते, पण तिच्याखालची भिंत सलग नाही. कडेचा वरचा मजला पुढे झुकलेला, आणि मधली भिंत मात्र आत, सरळ जमिनीपासून छपरापर्यंत. त्यामुळे मधल्या भागापुढे वळचण अधांतरी लोंबते आणि तिला खालून वाकड्या लाकडांचे कमानदार टेकू दिलेले असतात.

ही ठेवण ज्या घरांत असते त्यांना 'वील्डन' घरे म्हणतात. नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स या दोन टेकड्यांच्या रांगांमधला जुना जंगलपट्टा म्हणजे वील्ड. तिथे, विशेषतः केंट आणि ससेक्समध्ये, ही घरे मोठ्या संख्येने टिकली आहेत. ठेवण अशी का झाली हे कळले की सगळे घर उलगडते. मधे एक मोठे दालन असते, हॉल. त्याला माळा नाही, जमिनीवरून मान वर केली की थेट आढे दिसते. दोन्ही टोकांना मात्र दोन मजले. दुमजली टोकांचा वरचा मजला पुढे काढला की हॉलची एकमजली भिंत आपोआप मागे पडल्यासारखी दिसते. आणि तिन्ही भागांवर एकच छप्पर घालायचे असल्याने वळचण बाहेरच्या रेषेत ठेवावी लागते. एका छपराखाली सगळे घर आणायचे, ही सुताराची हौस आणि काटकसर दोन्ही. तीन छपरे म्हटली की मधे पन्हळी आल्या, आणि पन्हळ आली की गळती आली.

वरचा मजला पुढे का काढायचा, याची उत्तरे बरीच दिली जातात. खालच्या भिंतीला पावसापासून आडोसा मिळतो, वर थोडी जागा वाढते, आणि रस्त्यावरून घर ऐपतदार दिसते. बांधकामाच्या दृष्टीने एक आणखी आहे. तक्तपोशीच्या खालच्या कड्या भिंतीच्या बाहेर निघालेल्या असतात आणि त्यांच्या टोकांवर वरच्या भिंतीचे ओझे बसते. टोकावर भार आला की कडीचा मधला भाग वर उचलला जाऊ बघतो, त्यामुळे माणसांच्या वजनाने ती खाली वाकण्याचे प्रमाण कमी होते. त्या काळचे सुतार कड्या आडव्या, म्हणजे रुंद बाजू खाली घालून बसवत. आज आपण त्या उभ्या घालतो, कारण तशा त्या जास्त ताकदीच्या ठरतात. मग आडव्या घातलेल्या कड्या सहाशे वर्षे कशा टिकल्या? एक तर त्या भरभक्कम जाड होत्या, आणि दुसरे हे बाहेर काढलेले टोक. कागदावर गणित न मांडता हातांना हे कळलेले होते.

लाकूड ओकचे. ओक वाळला की इतका कठीण होतो की हत्यार चालत नाही, म्हणून तो ओलाच घडवायचा. झाड पाडले, कुऱ्हाडीने चौरस केले, सांधे पाडले आणि घर उभे केले. वाळायचे ते जागेवर वाळत राहायचे. वाळताना लाकूड आखडते, पिळते, वाकते. या घरांच्या वाकड्यातिकड्या रेषा बघून लोक म्हणतात, घर म्हातारे झाले. खरे तर त्यातला पुष्कळ वाकडेपणा पहिल्या काही वर्षांतला असतो.

सांध्याची रीत जवळून बघण्यासारखी आहे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाची खाच पाडायची आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची, हे आपल्याकडचा सुतारही करतो. इथली खुबी खुंटीच्या भोकात आहे. खाचेच्या लाकडातले भोक आणि जिभेतले भोक मुद्दाम एका रेषेत पाडत नाहीत; जिभेतले केसभर आत सरकवलेले असते. निमुळती खुंटी ठोकत गेली की ती जिभेला आपल्याकडे ओढून घेते आणि सांधा करकचून आवळला जातो. पुढे लाकूड वाळून आखडले तरी तो सैल पडत नाही. सांगाड्याला लोखंडी खिळा नाही, सरस नाही. कामाच्या जागी मी मोडकळीला आलेल्या सांगाड्यातून अशी खुंटी काढलेली पाहिली आहे: मधे बाक आलेला, आणि त्या बाकाच्या आतल्या बाजूला ओकचा रंग अजून ताज्या लाकडासारखा. शेकडो वर्षे तिने ओढ धरून ठेवली होती.

सांगाडा सहसा जागेवर बनत नसे. सुताराच्या आवारात एकेक बाजू जमिनीवर आडवी मांडायची, सांधे जुळवून बघायचे, प्रत्येक जोडीवर खूण करायची, मग सुटे करून गाड्यांवर घालून न्यायचे आणि माणसे जमवून उभे करायचे. या खुणा रोमन आकड्यांसारख्या सरळ आणि तिरप्या रेघांच्या असतात, कारण पटाशीने रेघ मारणे सोपे, गोलाई कठीण. जुन्या लाकडी घरांत उजेड तिरपा पडला की त्या सापडतात. मुलांना सहलीत गुंतवायचे असेल तर खुणा शोधण्यासारखा खेळ नाही.

आता भिंती. हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागणार नाही, कारण भिंती कुडाच्या आहेत. खांबांच्या मधल्या गाळ्यात काठ्या उभ्या करायच्या, त्यांत लवचीक फांद्या विणायच्या, आणि माती, पेंढा, शेण एकत्र तुडवून दोन्ही बाजूंनी लिंपायचे. वर चुन्याचा हात. कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्यांची आजोळे आहेत त्यांनी अशी भिंत पाहिली असेल, नाहीतर तिच्यावर पोतेरे तरी फिरवले असेल. चुन्याचा आणि मातीचा गुण असा की भिंत ओली झाली तरी पुन्हा वाळते. माझ्या कामात जी हानी मला सगळ्यात जास्त दिसते ती सिमेंटने केलेली आहे. कुणीतरी चांगल्या हेतूने कुडाच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देतो, ओल आत अडकते, आणि बाहेरून भिंत ठणठणीत दिसत असताना आतला ओक भुसा होत जातो. आल्फ्रिस्टनसारखे घर या आजारापासून वाचले, कारण त्याची दुरुस्ती करणाऱ्यांना चुना आणि माती काय करते हे ठाऊक होते.

सामानाचा हिशेब केला तर सगळे घर बैलगाडीच्या पल्ल्यातले आहे. ओक वील्डच्या रानातला, पेंढा शेतातला, माती पायाखालची, खडू टेकडीतला. (बैलगाडी हा शब्द मी सहज वापरलेला नाही. ससेक्सच्या या टेकड्यांवर बैलांच्या जोड्या नांगरापुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दिसत.)

आत पाऊल टाकताना जमिनीकडे लक्ष द्या. हॉलची जमीन खडूची आहे. ज्या पांढऱ्या दगडाचे कडे बघायला आपली बस निघालेली असते, तोच खडू इथे कुटून, ठोकून बसवलेला आहे, आणि वर आंबट दुधाचा थर देऊन तो पक्का केलेला आहे. दुधातले प्रथिन आणि खडूतला चुना एकमेकांना धरतात आणि पृष्ठभाग कठीण होतो. आपल्याकडे शेणाने सारवतात, इथे दुधाने. हाताशी आहे त्यातून धूळ बसवायची युक्ती तीच. आजी-आजोबांना सहलीला नेत असाल तर या जमिनीपाशी त्यांना नक्की थांबवा. मुलांना सारवण कसे घालतात हे सांगायला यापेक्षा चांगली जागा इंग्लंडमध्ये मला माहीत नाही.

मग वर बघा. अशा हॉलच्या मधोमध जमिनीवरच चूल पेटत असे. धुराडे नव्हते. धूर वर जायचा, छपराखाली साठायचा आणि फटींतून, झरोक्यांतून बाहेर पडायचा. खिडक्यांना काच नसायची, उभे लाकडी गज आणि आतून झडपा; काच श्रीमंतांच्याही आवाक्यात जेमतेम होती. धुराने माणसांचे डोळे चुरचुरत असतील, पण त्याच धुराने वरचा पेंढा कोरडा राहत असे आणि किडीपासून वाचत असे. जुन्या हॉलच्या छपरात वासे काजळीने काळे झालेले दिसले की अभ्यासकांना खात्री पटते: इथे एके काळी उघडी चूल होती. हॉलला आडवी जाणारी जाड तुळई, तिच्यावर मधोमध उभा छोटा खांब, त्याला फुटलेले वाकडे आधार आणि त्यांनी तोललेले छप्पर, हा सगळ्या घरातला सर्वांत देखणा भाग. ज्याने घर बांधले त्याने आपली ऐपत इथे दाखवली, कारण पाहुणा इथेच बसणार.

या घरात आणखी एक गोष्ट शोधा. एका तुळईच्या कोपऱ्यात ओकचे पान कोरलेले आहे. नॅशनल ट्रस्टचे बोधचिन्ह ओकच्या पानांचे आहे, आणि ते या कोरीव पानावरून सुचले असावे असे सांगितले जाते. बोधचिन्ह १९३० च्या दशकातले आहे आणि त्या दोहोंचा दुवा पक्का सिद्ध झालेला नाही, पण पान खरे आहे आणि सुंदर आहे.

अशा हॉलच्या एका टोकाला घरधन्याची बाजू: खाली बसायची आतली खोली, वर निजायची. दुसऱ्या टोकाला कामाची बाजू: पिंपे ठेवायची कोठी, भाकरी-धान्याची कोठी. त्या टोकाला समोरासमोर दोन दारे आणि मधून आडवा बोळ. एवढाच नकाशा, पण त्यात कोण कुठे बसणार, कोण कुठून आत येणार, हे ठरलेले. आपल्या वाड्यात ओसरी, माजघर आणि परसदार यांनी हेच काम केले. आल्फ्रिस्टनच्या घराचे सगळे भाग एकाच काळातले नाहीत. पुढच्या शतकांत कुठे भिंती हलल्या, धुराडे आले. कुठला भाग आधीचा आणि कुठला नंतरचा हे ओळखण्यातच अर्धी मजा आहे.

घर क्लर्जी हाउस म्हणून ओळखले जात असले तरी ते मुळात धर्मगुरूसाठी बांधले नसावे, असे आज मानले जाते. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडमधली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे दगावली. जे उरले त्यांच्या श्रमाला भाव आला, जमिनी स्वस्तात हाती आल्या, आणि एक सधन शेतकरी वर्ग उभा राहिला. वील्डन घरे ही या वर्गाची घरे. आल्फ्रिस्टनचे घरही अशाच एखाद्या शेतकऱ्याचे असावे. पुढे ते जवळच्या मिशेलहॅम मठाकडे गेले आणि गावच्या धर्मगुरूचे निवासस्थान झाले. त्या काळी धर्मगुरू अविवाहित, त्यामुळे घर पुरून उरणारे. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले, त्यानंतर धर्मगुरूंना लग्नाची मोकळीक मिळाली, घरांत बायका-मुले आली, आणि गरजा बदलल्या.

अठराव्या शतकात तर धर्मगुरूच्या घराची कल्पनाच पालटली. १७७६ च्या एका कायद्याने धर्मगुरूंना आपल्या उत्पन्नाच्या तारणावर घरासाठी कर्ज काढता येऊ लागले. गावोगावी मोठ्या खिडक्यांची, चिरेबंदी किंवा विटांची, जमीनदाराच्या तोडीची घरे उठली. कोचावर बसून चहा घेणाऱ्या व्हिकरला, म्हणजे गावच्या धर्मगुरूला, मातीच्या भिंतीचे घर कमीपणाचे वाटू लागले. आल्फ्रिस्टनच्या घरात मग शेतमजूर राहू लागले. घर विभागले गेले, छप्पर खचले, दुरुस्ती कुणी केली नाही. १८८५ मध्ये ते पाडायची परवानगीही मिळाली होती. तेव्हा तिथे एक म्हातारी भाडेकरू राहत होती. मरेपर्यंत मला इथेच राहू द्या, अशी तिने विनंती केली आणि पाडकाम थांबले. ती गेली तेव्हा घर उभे होते.

मग आले व्हिकर बेनन. हे घर पडता कामा नये, असे त्यांनी मनावर घेतले. आपल्या चर्चच्या अखत्यारीतले, मोडके, चिखलाच्या भिंतींचे घर वाचवण्यासाठी त्यांनी पत्रे लिहिली, दारे ठोठावली. त्यातले एक दार होते जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी स्थापन झालेल्या 'स्पॅब' या संस्थेचे. १८७७ मध्ये कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी ती काढली. तोवर जुन्या चर्चच्या 'पुनरुज्जीवना'ची लाट आली होती: भिंती खरवडून काढायच्या, मधल्या शतकांत झालेले सगळे बदल पुसायचे आणि इमारत मुळात जशी असावी असे आपल्याला वाटते तशी नवीकोरी करायची. मॉरिस यांचा त्याला कडाडून विरोध. जे आहे ते सांभाळा, गळते ते बुजवा, कुजले तेवढेच बदला, खोटे जुने बनवू नका, ही त्यांची भूमिका. त्यांना डिवचले होते ट्यूक्सबरीच्या मठाचे काम, आणि ते काम होते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे. मुंबईकरांना हे नाव परके नाही; फोर्टमधला राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचा पदवीदान सभागृह यांचे आराखडे याच स्कॉट यांचे. कधी मुंबईत न आलेला हा माणूस आपल्या शहराला इतकी देखणी इमारत देऊन गेला, आणि त्याच माणसाच्या हातून जुन्या चर्चचे काय होईल या काळजीतून इंग्लंडमध्ये संवर्धनाची चळवळ उभी राहिली. मला दोन्ही गोष्टी एकत्र आठवतात आणि मी दोन्हींचा मान ठेवते.

स्पॅबला इमारत विकत घेऊन सांभाळता येत नव्हती. ते काम करणारी संस्था १८९५ मध्ये जन्मली: नॅशनल ट्रस्ट. ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली हे तिघे संस्थापक. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ट्रस्टने हे घर दहा पौंडांना घेतले. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. आज ज्या संस्थेचे सभासदत्व तुमच्यापैकी कितीतरी कुटुंबांकडे आहे, जिचे कार्ड दाखवून आपण किल्ले आणि महाल बघतो, तिची सुरुवात या मातीच्या भिंतींपासून झाली. किंमत नाममात्र होती, खरा खर्च दुरुस्तीचा होता, आणि त्यासाठी ऑक्टेव्हिया हिल यांना लोकांकडून वर्गणी मागावी लागली. दुरुस्तीचे काम आल्फ्रेड पॉवेल या वास्तुविशारदाने स्पॅबच्या विचाराने केले. घर नवे दिसेल असे काही त्यात नव्हते. तगेल ते ठेवायचे, हेच सूत्र.

हे सगळे तुम्हाला का सांगते आहे? आपल्यापैकी अनेकांच्या नावावर गावाकडे एखादे घर आहे. सामाईक सातबारा, चुलत्यांचे हिस्से, कुलूप लावलेले, पावसात एक भिंत बसलेली. सुटीत गेलो की पंधरा माणसे पंधरा सल्ले देतात आणि त्यात 'पाडून स्लॅब टाका' हा सगळ्यात मोठ्या आवाजात येतो. मी कुणाला घर ठेवा किंवा पाडा असे सांगणार नाही. तिथे राहणाऱ्याची गरज आणि खिसा त्याला ठाऊक. पण निर्णय घेण्याआधी दुरुस्ती म्हणजे काय असते हे माणसाने एकदा डोळ्यांनी पाहिलेले असावे. सडलेल्या खांबाचा तळचा हातभर भाग कापून तिथे नवा ओक जोडता येतो आणि वरचा खांब तसाच ठेवता येतो, हे पाहिलेले असावे. कुडाची भिंत पडली तर तेवढा गाळा पुन्हा विणता येतो. इथल्या ट्रस्टकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, हे मला मान्य आहे. पण दहा पौंडांत घर घेणाऱ्या ट्रस्टकडेही तेव्हा पैसा नव्हता.

आणि आपण राजवाडेच दाखवत राहिलो तर मुलांच्या मनात 'जुनी, जपण्यासारखी वास्तू' म्हणजे राजाची वास्तू, एवढेच बसेल. पणजोबांचे कौलारू घर त्यात कुठेच येणार नाही.

आता सहलीचे. सकाळी लवकर निघालात तर आधी आल्फ्रिस्टन करा, मग कड्यांवर जा. खडूची जमीन आधी आणि खडूचे कडे नंतर, हा क्रम मुलांना लक्षात राहतो. घर लहान आहे, पन्नास माणसे एकदम आत मावणार नाहीत. दोन गट करा: एक गट घरात आणि बागेत, दुसरा चर्चमध्ये आणि टायवर, मग अदलाबदल. जायच्या आधी ट्रस्टकडून उघडण्याचे दिवस आणि वेळा विचारून घ्या, गट मोठा असेल तर आगाऊ कळवा. जुन्या घरात दारे बुटकी आणि जमीन खालीवर असते, हे ज्येष्ठांना आधीच सांगितलेले बरे. गावातला रस्ता अरुंद आहे, मोठ्या बसला गावाबाहेरच्या तळावर थांबावे लागेल, तेव्हा चालण्याचा वेळ धरा. डबे टायवरच्या हिरवळीवर उघडता येतील. कचरा मात्र आपला आपण परत न्यायचा.

ज्या मंडळांना पूर्ण दिवस काढता येईल त्यांच्यासाठी दुसरी सहलही सुचवते. पश्चिम ससेक्समध्ये सिंगलटनला वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय आहे. पाडली जाणार असलेली जुनी घरे सुटी करून तिथे पुन्हा उभारली आहेत. त्यातले बेलीफ नावाचे घर केंटमधले, पंधराव्या शतकातले, याच वील्डन ठेवणीचे. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या जागेवरून ते हलवले. आल्फ्रिस्टनला जे डोळ्यांसमोर आणावे लागते ते तिथे मांडून ठेवलेले आहे: मधली चूल, झडपांच्या खिडक्या, लाकडी भांडी. दोन्ही बघितलीत तर एक दुसऱ्याचा अर्थ लावते.

उन्हाळ्याच्या कार्यक्रमांची आखणी बहुतेक मंडळांत गुढीपाडव्याच्या सुमारास होते. त्या बैठकीत हा विषय घ्या, एवढे मागते. ज्या मंडळाने ठरवले त्यांच्याबरोबर मी स्वखर्चाने येईन आणि घर मराठीतून समजावून सांगेन. मुलांसाठी लाकडी सांध्याचा एक नमुना बरोबर आणेन, त्यातली खुंटी त्यांनी स्वतः ठोकून बघावी. मानधन नको. तारीख महिनाभर आधी कळली तर बरे, कारण मे ते सप्टेंबर आमच्या चुन्याच्या कामांचा हंगाम असतो आणि तेव्हा शनिवारही कामाचे असतात.

आपली,
ससेक्समधली एक मंडळ-सभासद